आगीपुढचे दोन गणवेश

*हवाई दलाचा अग्निशामक आणि शहराचा अग्निशामक एकाच आगीशी लढतात. मात्र समाजाची नजर, सरकारची फाइल आणि लष्कराची शिस्त या दोघांना वेगवेगळ्या मापाने मोजते. हा फरक केवळ मानापमानाचा नाही, तो सुरक्षेचाही प्रश्न आहे.*

२०१९ च्या फेब्रुवारी महिन्याचा शेवटचा पंधरवडा बेंगळुरूने आगीच्या आणि हवाई दलाच्या सावटाखाली काढला. १९ तारखेला यलहंका हवाई तळावर ‘एअरो इंडिया’च्या सरावात सूर्यकिरण पथकाची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला. प्रदर्शन ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सुरू झाले. २३ तारखेला, शनिवारी, तेथील वाहनतळावरच्या वाळलेल्या गवताने पेट घेतला आणि पाहता पाहता सुमारे ३०० मोटारी जळून गेल्या. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. २५ तारखेला चामराजनगर जिल्ह्यातील बंदीपूरच्या वणव्यावर पाणी टाकण्यासाठी हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरे बोलावावी लागली. त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन झाले आणि २६ च्या पहाटे बालाकोटची कारवाई झाली.

पुढचे कितीतरी दिवस देशाने आकाशाकडे पाहण्यात घालवले, आणि ते स्वाभाविकच होते. परंतु त्या घाईत एक प्रश्न विचारायचा राहून गेला. यलहंक्याची आग कोणी विझवली? हवाई दलाच्या अग्निशामकांनी आणि कर्नाटक राज्य अग्निशमन व आपत्कालीन सेवेच्या जवानांनी ती मिळून विझवली. बंदीपूरला हेलिकॉप्टरखाली जमिनीवर कोण होते? ओल्या फांद्यांनी ज्वाळा झोडपणारे वनरक्षक, हंगामी पहारेकरी, स्वयंसेवक आणि अग्निशमन दलाचे लोक होते. त्याच जंगलातील २०१७ च्या वणव्यात एका वनरक्षकाने प्राण गमावले होते. ही माणसे आपल्या सामूहिक स्मृतीत फार काळ का टिकत नाहीत, याचा विचार करणे आवश्यक आहे.

तळावरचा फायरमन कोण असतो?

सर्वसामान्य वाचकाची अशी समजूत असते की हवाई तळावर आग विझवणारा प्रत्येक माणूस हवाई सैनिकच असणार. वस्तुस्थिती वेगळी आहे. हवाई दलाच्या ‘गट क’ नागरी पदांच्या भरतीची कोणतीही जाहिरात उघडून पाहावी. स्वयंपाकी, सुतार, कनिष्ठ लिपिक यांच्याच रांगेत ‘फायरमन’ हे पद दिसते. म्हणजे धावपट्टीच्या कडेला लाल गाडीत बसलेला माणूस अनेकदा संरक्षण खात्याचा नागरी कर्मचारी असतो. तो हवाई दलाच्या शिस्तीत काम करतो आणि जळत्या विमानाकडे सर्वांत आधी धावतो. मात्र सैनिकाला मिळणारे लष्करी सेवा वेतन त्याला मिळत नाही. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नागरी सेवेत आलेल्यांना नवी निवृत्तिवेतन योजना लागू झाली, तर सैनिक तिच्यातून वगळले गेले. हा फरकही त्याच्या वाट्याला आला.

तरीही तळावर त्याच्या कामाला एक निर्विवाद प्रतिष्ठा असते, कारण त्याच्याशिवाय विमान उडत नाही. पुरेसे अग्निसंरक्षण सज्ज नसेल तर उड्डाणे थांबवावी लागतात, हा विमानवाहतुकीचा सर्वमान्य दंडक आहे. नागरी विमानतळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंब धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचला पाहिजे, आणि लक्ष्य दोन मिनिटांचे असावे असे सांगितले आहे. वैमानिकाला ही गोष्ट पुरेपूर ठाऊक असते. चामराजपेटमध्ये आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त हवाई दल अधिकारी मला एकदा म्हणाले, “सर, उड्डाणाआधी आम्ही हवामान विचारायचो, इंधन विचारायचो, बंब मात्र विचारावा लागत नसे, तो उभा असायचाच. म्हणूनच बहुधा त्या लोकांची नावे आम्हाला कधी पाठ झाली नाहीत.” लष्करी दृष्टिकोनाचे याहून प्रामाणिक वर्णन मी ऐकलेले नाही. त्यात तुच्छता नव्हती. ज्याच्यावर पूर्ण भिस्त आहे तो माणूस नजरेआड होण्याचा तो प्रकार होता.

शहरात नेमकी उलट परिस्थिती आहे. तेथे अग्निशमन अधिकाऱ्याच्या ‘ना हरकत’ प्रमाणपत्रावाचून इमारतीचा वापर होऊ नये असे कायदा सांगतो. व्यवहारात ते प्रमाणपत्र फायलीतला एक कागद बनून राहते. २३ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे यलहंक्याच्या आगीच्या बरोबर नऊ वर्षे आधी, जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्स या इमारतीत आग लागली आणि नऊ जणांचा बळी गेला. धुराने कोंडलेल्या माणसांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. त्याच रस्त्यावरच्या जुन्या विमानतळावर बंब सज्ज असल्याशिवाय एकही विमान उडाले नसते. काही अंतरावरच्या कचेरीत मात्र शेकडो माणसे सुटकेचा मार्ग धड नसताना रोज कामाला जात होती.

गोदीतील धडा

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला या प्रश्नाचे मूळ १४ एप्रिल १९४४ च्या मुंबईत दिसते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, त्यांच्याच जोडीला कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. दुपारी कापसाला आग लागल्याचे लक्षात आले. मुंबई अग्निशमन दलाच्या लोकांनी जहाजावर चढून दोन तासांच्या आसपास पाण्याचा मारा केला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण ठार झाले. एकूण मृतांचा आकडा शेकड्यांत गेला. दरवर्षी १४ एप्रिलला आपण जो अग्निशमन सेवा दिन पाळतो, तो या माणसांच्या स्मरणार्थ.

या घटनेतील शौर्य सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्यातील प्रशासकीय धडा फारसा सांगितला जात नाही. जहाजावर त्या दुपारी चार अधिकार एकत्र आले होते: जहाजाचा कप्तान, गोदीचे व्यवस्थापन, स्फोटकांची जाण असलेला लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलाचा प्रमुख. जहाजात काय भरले आहे आणि ते उडाले तर गोदीची काय गत होईल, हे लष्करी अधिकारी सांगत होता. जहाज बुडवावे, बाहेर ओढून न्यावे की जागीच आग विझवावी, यावर एकमत झाले नाही. सर्वांवर बंधनकारक होईल असा अंतिम आदेश देणारा एकही माणूस तेथे नव्हता. निर्णय लांबला आणि तोवर अग्निशामक आपल्या नळ्या धरून डेकवर उभे राहिले. लष्कराकडचे ज्ञान आणि नागरी दलाचे धैर्य एकाच डेकवर होते, पण त्यांना जोडणारी आज्ञा नव्हती. त्याची किंमत नळी धरणाऱ्यांनी मोजली. युद्धकाळातील सेन्सॉरशिपमुळे ही बातमीही देशाला उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी कळली.

पुलगावची रात्र

या घटनेला बहात्तर वर्षे झाल्यावर, ३१ मे २०१६ च्या पहाटेपूर्वी, वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली व स्फोट झाले. १९ जणांचा मृत्यू झाला. त्यांत लष्कराचे दोन अधिकारी होते. पण मृतांमध्ये बहुसंख्य होते ते भांडाराच्या अग्निशमन विभागाचे कर्मचारी. आग शेजारच्या कोठारांत पसरली असती तर परिसरातील गावांचे काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी. ती पसरली नाही, कारण ही माणसे पुढे गेली आणि अधिकारी त्यांच्याबरोबर गेले. त्या रात्री लष्करी व नागरी असा भेद तेथे कोणी केला नाही.

भेद नंतर सुरू झाला. सुरुवातीच्या अनेक बातम्यांत मृतांना सरसकट ‘जवान’ म्हटले गेले. मराठीत हा शब्द अग्निशमन दलासाठीही सर्रास वापरला जातो, हे या भाषेचे औदार्य आहे. पण वाचकाच्या मनात सैनिकाचे चित्र उभे राहिले आणि नागरी फायरमन त्या चित्रामागे झाकला गेला. जिवंत असता तर तो ‘गट क’ कर्मचारी होता. मृत्यूनंतर त्याला सैनिकाचा शब्द उसना मिळाला, पण स्वतःची ओळख मिळाली नाही.

येथे सरकारी नियमांविषयी एक बाब नोंदवायला हवी, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. ‘शहीद’ ही संज्ञा आपल्या सरकारी परिभाषेत नाही. संरक्षण व गृह या दोन्ही मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे तसे स्पष्ट केले होते. सानुग्रह अनुदानाच्या बाबतीत केंद्राचा नियम गणवेश पाहत नाही, मृत्यूचे कारण पाहतो. १ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या दरांनुसार कर्तव्य बजावताना अपघाती मृत्यू आल्यास २५ लाख रुपये आणि युद्धात शत्रूच्या कारवाईत मृत्यू आल्यास ४५ लाख रुपये मिळतात. ही श्रेणी सैनिकांना आणि केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांना सारखीच आहे. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. परंतु ते केंद्राच्या सेवकांपुरते आहे. शहराचा अग्निशामक हा राज्याचा किंवा महापालिकेचा नोकर असतो. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या विषयांमध्ये आहे. त्यामुळे त्याच्या कुटुंबाला काय मिळणार, हे तो कोणत्या राज्यात आणि कोणत्या पालिकेत मरतो यावर अवलंबून राहते.

मुंबईच्या काळबादेवीत ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली. संजय राणे व महेंद्र देसाई हे अधिकारी त्याच रात्री गेले. गंभीर भाजलेले सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर पुढे रुग्णालयात मरण पावले. शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख स्वतः आगीत उतरून मृत्यू पावतो, ही घटना कोणत्याही सेनेच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिली गेली असती. मुंबईबाहेर किती जणांना हे नाव आज सांगता येईल?

नागरिकांची नजर

चामराजपेट १८९२ मध्ये वसवलेला भाग आहे. त्या काळच्या म्हैसूर संस्थानाच्या नियोजनकारांनी येथे सरळ रस्ते आखले. आज त्याच्या कडेला कृष्णराजेंद्र मार्केट, कलासिपाळ्य आणि तरगुपेट ही गच्च भरलेली बाजारपेठ आहे. ८ जानेवारी २०१८ च्या पहाटे कलासिपाळ्यातील एका बार-रेस्टॉरंटमध्ये झोपलेले पाच कामगार आगीत मरण पावले. सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या तरगुपेटमध्ये फटाक्यांच्या साठ्याचा स्फोट होऊन जीवितहानी झाली. या गल्ल्यांतून मी रोज चालतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुचाक्या, मध्ये हातगाड्या आणि माल उतरवणारे टेम्पो. येथे बंब वेळेवर कसा पोहोचणार, हा प्रश्न आग लागेपर्यंत कोणाला पडत नाही. आग लागल्यावर मात्र ‘बंब उशिरा आला’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असते.

सेवेत असताना अनेक आगींच्या ठिकाणी मला जावे लागले. सर्वत्र एकच दृश्य असे. गर्दी बंबाची वाट अडवून उभी असे आणि तीच गर्दी बंबवाल्यांना शिव्या देत असे. त्याच ठिकाणी लष्कराची एखादी गाडी आली की लोक आपोआप बाजूला होत, टाळ्या वाजवत. लोकांचा विश्वास लष्कराने कमावलेला आहे, त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. १९ जानेवारी २०१८ ला बेळ्ळंदूर तलावाला आग लागली, तेव्हा शेजारच्या लष्करी केंद्रातील सुमारे ५,००० जवान ती विझवण्यासाठी उतरले आणि तासन् तास राबले. शहराने त्यांचे आभार मानले, ते योग्यच झाले. पण तलाव पेटावा इतके सांडपाणी आणि कचरा त्यात कोणी सोडला, हा प्रश्न त्या आभारांखाली दबून गेला. लष्कराला बोलावणे हे नागरी व्यवस्थेच्या अपयशावरचे पांघरूण होऊ लागले, तर ते लष्करालाही नको असते. नागरी प्रशासनाला मदत हे त्याचे कर्तव्य असले, तरी ते अपवादात्मक प्रसंगासाठी आहे.

इतर देशांचा अनुभव

लोकांची नजर कायमची नसते, ती बदलते, हे ब्रिटनने पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, बाँब पडण्यापूर्वीच्या महिन्यांत, लंडनच्या सहायक अग्निशमन सेवेत गेलेल्यांना ‘सैन्य चुकवणारे’ म्हणून हिणवले जात असे. १९४० च्या शरद ऋतूत बाँबवर्षाव सुरू झाला आणि काही आठवड्यांत हेच लोक शहराचे वीर ठरले. सेंट पॉल कॅथेड्रलजवळचे त्यांचे स्मारक मात्र १९९१ मध्ये उभे राहिले.

त्याच देशात २००२-०३ मध्ये अग्निशामकांनी वेतनासाठी संप केला. सरकारने सुमारे १९,००० सैनिक, नौसैनिक व हवाई सैनिक कामाला लावले आणि १९५० च्या दशकातील जुने हिरवे बंब बाहेर काढले. त्या वेळी एक गोष्ट उघड झाली. सैनिक कितीही शिस्तबद्ध असला, तरी धुराने भरलेल्या इमारतीत श्वसनयंत्र लावून शिरण्याचे काम त्यासाठी प्रशिक्षित माणसाचेच असते. म्हणून शाही हवाई दलाच्या व्यावसायिक अग्निशामकांवर फार मोठा भार पडला. इराक युद्धाच्या तोंडावर या कामामुळे सैन्याच्या सज्जतेवर परिणाम होतो आहे, असे तेथील संरक्षण दलप्रमुखांनी जाहीरपणे सांगितले.

पॅरिसमध्ये तर शहराचे अग्निशमन दल हे भूदलाचेच एक दल आहे. १८१० मध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताने दिलेल्या नृत्यसमारंभात भीषण आग लागली, आणि १८११ मध्ये नेपोलियनने ही व्यवस्था निर्माण केली. मार्सेय शहराची आग १९३९ पासून नौदलाची तुकडी विझवते. तेही एका मोठ्या आगीनंतरच. १४ जुलैच्या संचलनात पॅरिसचे अग्निशामक सैनिकांबरोबर चालतात. कोणता अग्निशामक सैनिक आणि कोणता नागरिक, हे त्या त्या देशाच्या इतिहासातील योगायोगाने ठरले आहे. कामाच्या स्वरूपात त्याचा आधार शोधू नये.

करता येण्याजोगे

आपल्याकडे पॅरिसची नक्कल करण्याची गरज नाही. चार गोष्टी मात्र आवाक्यातील आहेत.

पहिली, आज्ञेची. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. घटनास्थळी एकच आदेशकर्ता असावा, हा तिचा गाभा आहे. ज्या ज्या जिल्ह्यात हवाई तळ, दारूगोळा भांडार किंवा संरक्षण कारखाना आहे, तेथे तळाच्या आत आणि कुंपणाबाहेर लागलेल्या आगीत आदेश कोणाचा, हे आधी लिहून ठेवले पाहिजे. १९४४ च्या गोदीने शिकवलेला हा धडा आहे.

दुसरी, एकत्र सरावाची. नागरी अग्निशमन अधिकारी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात घडतात, तर संरक्षण खात्याची अग्निसुरक्षेची स्वतंत्र तज्ज्ञ संस्था दिल्लीत आहे. दोन्हीकडचे लोक पहिल्यांदा एकमेकांना आगीसमोर भेटत असतील, तर परस्परांविषयीचा आदर कोठून येणार? वर्षातून एकदा तळावर आणि एकदा शहरात संयुक्त सराव झाला पाहिजे. लाखो प्रेक्षक येणाऱ्या प्रदर्शनांत धावपट्टीइतकाच वाहनतळाचाही अग्निसुरक्षा आराखडा असला पाहिजे, आणि त्यावर राज्याच्या अग्निशमन अधिकाऱ्याची सही हवी.

तिसरी, समान तत्त्वाची. मृत्यूचे कारण पाहून मदत देण्याचा केंद्राचा नियम राज्यांनी आणि महापालिकांनी अग्निशामकांसाठी स्वीकारावा. त्यात आर्थिक बोजा फार नाही, कारण सुदैवाने असे मृत्यू थोडे असतात.

चौथी गोष्ट मनुष्यबळाची, आणि ती सर्वांत अवघड आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. ती स्वागतार्ह आहे. पण सचिवालयातील माझा अनुभव असा, की बंब खरेदीची फाइल चटकन पुढे सरकते, कारण त्याचे उद्घाटन करता येते. तो बंब चालवणाऱ्याचे रिक्त पद भरण्याची फाइल मात्र वित्त विभागात वर्षानुवर्षे पडून राहते. अग्निपथ योजनेत चार वर्षे सेवा करून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी जास्तीत जास्त एक-चतुर्थांश सैन्यात कायम होणार आहेत. उरलेल्यांतील इच्छुकांना नागपूरच्या धर्तीवर प्रशिक्षण देऊन राज्यांच्या अग्निशमन सेवेत घेता येईल. आपण त्यांना ‘अग्निवीर’ असे नाव दिले आहे. त्यांतले काही खरोखरच आगीशी लढू लागले, तर ते नाव सार्थ होईल, आणि तळावरची शिस्त शहराच्या बंबावर येईल.

मात्र लष्करी शिस्त आणली म्हणजे नागरी अग्निशामक आपोआप प्रतिष्ठित होईल, असे मानणे चूक ठरेल. तळावर फायरमनचा शब्द चालतो, कारण त्याच्या शब्दावर विमान थांबते. शहरात ज्या दिवशी त्याच्या शब्दावर एखादे चित्रपटगृह, एखादे हॉटेल किंवा तरगुपेटमधले एखादे गोदाम खरोखर बंद राहील, आणि ते उघडावे म्हणून कोणत्याही लोकप्रतिनिधीचा दूरध्वनी येणार नाही, त्या दिवशी लोकांची नजरही बदलू लागेल. तोपर्यंत १४ एप्रिलला छातीवर लावायची छोटी पताका आपण विकत घेत राहू आणि दुसऱ्या दिवशी आपली दुचाकी पुन्हा बंबाच्या वाटेतच उभी करू.

*(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून बेंगळुरूतील चामराजपेट येथे राहतात.)*